रेष अजून दिसते

माझं उजवं मनगट मोडलं तेव्हा मी कुठल्याही साहसात गुंतलेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. कारण "कसं मोडलं?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एक आशा असते. मोटरसायकल, कडा, निदान मारामारी. मी "स्टुलावरून पडलो" म्हटलं की ती आशा विझते आणि माणूस "वय झालं की असं व्हायचंच" म्हणत चहाच्या कपाकडे वळतो. स्टूल दीड फूट उंच होतं. आठ दिवसांच्या नातीच्या तोंडावर दुपारचं ऊन येत होतं, पडदा लावायचा होता आणि सुतार "उद्या नक्की" म्हणाला होता. सुतारांचा उद्या कधी उजाडतो हे ठाऊक असल्यामुळे मी स्वतः चढलो. पडदा लागला नाही. ऊन अजूनही येतं.

हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. ते मी निमूट सोसलं. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने दाढी करतो तेव्हा आरशात जे दिसतं तेही सोसलं. सोसवत नव्हतं ते एकच. नातीला मी अजून हातात घेतलं नव्हतं.

ती जन्मली त्या दिवशी मला सर्दी होती. नाकाला रुमाल बांधून मी इस्पितळाच्या काचेपलीकडून तिला पाहिलं. सर्दी गेली, ती घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी मी स्टुलावर चढलो. त्यानंतर तिला सगळ्यांनी घेतलं. समोरच्या काकूंनी घेतलं, वरच्या मजल्यावरच्या मोजणीदारांनी घेतलं. आमची ही सही करत होती तेवढ्यात गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसानेही तिला दोन मिनिटं घेतलं आणि ती त्याच्याकडे बघून चक्क हसली. मी तिचा सख्खा आजोबा, मी शेजारी उभा राहून टाकीचं वजन बरोबर आहे का ते बघत होतो.

जावयाची नोकरी फार लांबच्या देशात आहे. बाळ तीन महिन्यांचं झालं की मुलगी तिला घेऊन तिकडे जाणार होती. तिकिटं काढून झाली होती. तिथून दोन वर्षांतून एकदा येणं झालं तरी खूप, असं मुलगी म्हणाली होती. दोन वर्षांनी ती पोरगी धावत असेल, अनोळखी म्हाताऱ्याच्या मांडीवर बसायला नकार देत असेल. मला ती आत्ता हवी होती, मान धरता येत नाही तेव्हाची, एकदा तरी. एवढीच माझी मागणी होती.

आता आमच्या हिच्याबद्दल. हिने एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत काढली. माणूस समोर उभा राहून शिंकला तरी दाखल्याशिवाय त्याला जिवंत मानायचं नाही, ही तिथली शिस्त. ती शिस्त निवृत्तीनंतर घरी आली आणि तिला करायला काही नसल्यामुळे माझ्यामागे लागली. प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशीच हिने जाहीर केलं, "हात बरा झाल्याचा कागद आला की बाळ मिळेल. तोवर लांबून बघायचं."

"अगं, हात माझा आहे. बरा झालाय की नाही ते मला कळणार नाही?"

"माझ्या टेबलासमोर लोक यायचे ना, त्या सगळ्यांना आपण जिवंत आहोत हे कळत होतं," ही म्हणाली. "त्याने नोंद बदलत नसते."

मुलीने माझी बाजू घेतली नाही. ती म्हणाली, "बाबा, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे." घरात दोन बायका आणि एक बाळ असलं की बहुमत कशाला म्हणतात ते कळतं.

प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो माझा आहे यावर विश्वास ठेवायला मलाच वेळ लागला. बारीक, पांढरट, साल निघालेला. डॉक्टरांनी मनगट सगळीकडून दाबलं. "दुखतंय का काका?" डॉक्टरांना स्वतःला टक्कल आहे, तरी मी काका. मी म्हटलं, नाही. "इथे? इथे?" नाही, नाही. "मस्त. जुळलंय. एक एक्स-रे काढून ठेवा, म्हणजे झालं."

"म्हणजे झालं" हे शब्द डॉक्टर, वकील आणि नळ दुरुस्त करणारे फार सहज वापरतात.

एक्स-रे केंद्र बाजारात, चपलांच्या दुकानाच्या माडीवर. काउंटरवरच्या माणसाने नाव, वय, हात, मोडल्याची तारीख अशी सगळी माहिती दोनदा विचारली आणि तिसऱ्यांदा चुकीची लिहिली. हात उताणा, हात आडवा, हलू नका. दोन दिवसांनी मोठ्या पाकिटात काळी फिल्म आणि सोबत रिपोर्ट मिळाला. रिपोर्टात, इतर सगळं बरं चाललं आहे अशा अर्थाच्या चार ओळींनंतर, लिहिलं होतं: "फ्रॅक्चरची रेष अजून दिसते. कृपया प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे."

मी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. "काका, काळजी करू नका. हाड आधी जुळतं, फोटोत नंतर दिसतं. ही रेष महिना-दोन महिने रेंगाळू शकते. एक्स-रे नेहमी हाडाच्या मागून चालतो."

"मग हात बरा झाला असं लिहून द्या."

"देतो की." त्यांनी लिहिलं: "तपासणीत दुखणे नाही. एक्स-रे रिपोर्टशी ताडून पाहावे."

म्हणजे रिपोर्ट म्हणतो डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात रिपोर्टला विचारा. दोघांच्या मध्ये मी एक हात घेऊन उभा. हिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला आणि तळाची बारीक ओळही वाचली. "हा अहवाल न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही" अशी ती ओळ होती. आमच्या घरात तर सगळं कामकाज न्यायालयीनच चालतं. "रेष दिसते," ही म्हणाली आणि कागद फाइलला लावला. फाइलवर हिने माझं नाव, जन्मतारीख आणि "मनगट (उजवे)" असं लिहून ठेवलं होतं.

पुढचे तीन आठवडे माझं मनगट दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवलेलं होतं. म्हणजे फिल्म. उजेड चांगला येतो म्हणून हिनेच ती काचेला टेप लावून डकवली. येईल तो आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि दोन्ही ठिकाणी नाराज व्हायचा. समोरच्या काकूंना त्या रेषेवर कोमट तेल हवं होतं. मी विचारलं, फिल्मवर की हातावर? त्या रागावल्या. हिच्या भावाने फोनवर सांगितलं की त्याच्या ओळखीच्या एकाची रेष अकरा वर्षं दिसत होती. ओळखीचा कसा आहे असं मी विचारल्यावर तो वारला असं कळलं. कशाने वारला हे मेव्हण्यांना आठवेना, पण रेष होती एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. दूधवाल्याने माझी बरगडी समजून मला फार सिगारेटी ओढू नका म्हणून बजावलं. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. मी दूध मात्र वाढवलं.

या सगळ्यांत अभ्यासू माणूस एकच, वरच्या मजल्यावरचे मोजणीदार. सरकारी जमीन मोजणीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरलं नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी दोनदा मोजल्या होत्या. ते भिंग घेऊन खिडकीशी उभे राहिले, डोळा बारीक केला, आणि मला वाटतं कितीतरी महिन्यांनी त्यांना सुख झालं.

"ही हद्द आहे," ते म्हणाले.

"हे हाड आहे."

"दोन तुकड्यांच्या मध्ये जे असतं त्याला हद्दच म्हणतात. आता ती मिटली की नाही ते असं नुसतं बघून कळायचं नाही. आधीची आणि नंतरची एकावर एक ठेवून बघावी लागते. खुणा पक्क्या हव्यात. खुणा नसल्या की सगळी मोजणी हवेतली." त्यांनी पारदर्शक कागद आणून फिल्मवरचं मनगट त्यावर उतरवून घेतलं आणि चार कोपऱ्यांत चार खुणा केल्या. हिला हा माणूस एकदम पसंत पडला. कागदावर काम करणारी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

या तीन आठवड्यांत मी घरात काय करत होतो? मी बाळाच्या कामात मदत करत होतो, म्हणजे बाळाला न शिवता जे करता येतं ते सगळं. दुपटी वाळत घालणं, दुपटी घड्या करणं, दुपटी मोजणं. बाळ रडलं की मी तिच्यासमोर तोंड वेडंवाकडं करायचो. ती रडणं थांबवून मला नीट न्याहाळायची आणि पुन्हा पहिल्यापासून रडायला लागायची. एकदा मुलगी स्वयंपाकघरात होती, ही देवळातल्या रांगेत असावी तशी बँकेच्या रांगेत होती, आणि मी बाळाकडे डाव्या हाताचं एक बोट नेलं. तिने ते धरलं. सोडेचना. मला ते फार आवडलं, पण कोणाला सांगितलं नाही. डावं बोट नियमात बसतं की नाही ते स्पष्ट नव्हतं.

बाळ दहा आठवड्यांचं झालं आणि मी दुसरा एक्स-रे काढला. या वेळी रिपोर्ट म्हणाला, "रेष जवळजवळ दिसेनाशी झाली आहे." मी जिन्यातूनच ओरडत आलो. हिने चष्मा लावला.

"जवळजवळ," ही म्हणाली.

"म्हणजे झालीच की!"

"जवळजवळ मेलेल्या माणसाचा दाखला मी कधी दिला नाही."

इथे मी हात टेकले. वाक्प्रचार म्हणून टेकले; प्रत्यक्षात टेकवायला मनाई होती. मुलीच्या जाण्याला अठरा दिवस होते. ठरलं असं की डॉक्टरांना नवी फिल्म दाखवायची, त्यांच्याकडून "जवळजवळ" काढून घ्यायचं आणि स्वच्छ दाखला आणायचा. तेवढ्यात मोजणीदार आले. "दुपारपुरती फिल्म द्या. जुन्या खुणांशी ताडून बघतो. डॉक्टरांचंही काम सोपं होईल." मी दिली. संध्याकाळी त्यांनी ती परत आणली तेव्हा त्यांचा चेहरा निकाल लावून आलेल्या माणसाचा होता. "नीट बघायला सांगा," एवढंच म्हणाले. पाकीट मी उघडलं नाही. उघडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि त्यांचा हसरा चेहरा हळूहळू मावळला.

"काका, पुन्हा पडलात?"

"नाही."

"खरं सांगा."

"अहो, खरं सांगा," ही म्हणाली. ही माझ्या बाजूने आली होती असा माझा समज होता.

"ही रेष बघा. मागच्या वेळी इथे संपत होती. आता पार सांध्यापर्यंत गेलीय. इतकी स्पष्ट रेष मी..." त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटले. "मला धोका पत्करायचा नाही. अर्धं प्लास्टर पुन्हा घालू. आणि सीटी स्कॅन करून घ्या, त्यात हाडाचे पातळ पातळ काप दिसतात, मग शंका राहणार नाही."

मी चाचरत म्हटलं की मला काहीच दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, "तेच तर काळजीचं आहे." मागच्या वेळी दुखत नव्हतं ती चांगली गोष्ट होती. या वेळी तेच लक्षण झालं.

घरी चौकशी बसली. कधी पडलात, कुठे पडलात, लपवलंत का. मी शपथेवर सांगितलं की पडलो नाही. मुलगी बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली, आणि ते मला फार लागलं. दोन दिवस गेले. माणसाला पुष्कळ वेळा तोच प्रश्न विचारला की तो स्वतःवर संशय घ्यायला लागतो. मी झोपेत पडलो असेन का? तिसऱ्या दिवशी मी कंटाळून कबुली दिली की न्हाणीघरात थोडासा घसरलो असेन. ही एकदम शांत झाली. नोंद पूर्ण झाली होती. संध्याकाळपर्यंत घरात पाच ठिकाणी रबरी पायपुसणी आली आणि त्यातल्या दोनांवर मी खरोखर अडखळलो.

सीटी स्कॅनची तारीख आठ दिवसांनी मिळाली. मशीन त्याच केंद्रात, मागच्या खोलीत. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला. "कोणता हात?" माझा उजवा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून मी डाव्या हाताने उजव्याकडे बोट दाखवलं. त्याने मान डोलावली आणि लिहिलं. सही मी डाव्या हाताने केली. ती सही बघून मला स्वतःचीच दया आली.

आत प्लास्टरची पट्टी सोडली. मला पालथं झोपवून उजवा हात डोक्याच्या पुढे लांब करायला लावला. निवृत्त ग्रंथपाल, वय एकसष्ट, पालथा, एक हात पुढे, तोंड उशीत. मशीन चालवणारी बाई आधीची फिल्म उजेडावर धरून बघत होती. तिने मघाशीच हातांना निर्जंतुक करायचं पाणी लावलं होतं. तिने अंगठा त्या रेषेवर ठेवला, मग अंगठ्याकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "तुमचं फ्रॅक्चर माझ्या बोटाला लागलंय."

मला वाटलं, उशीतून ऐकू नीट आलं नसेल. तिने कापसाने पुसलं. सांध्यापर्यंत गेलेली ती भयंकर, स्पष्ट, डॉक्टरांनी जन्मात न पाहिलेली रेष तीन फटक्यांत निघून गेली. खाली माझं हाड स्वच्छ, निष्पाप पडलेलं होतं. "शाई आहे ही," बाई म्हणाली. "बावीस वर्षं हे काम करतेय. पुसून बरं झालेलं पहिलंच."

स्कॅन उरकला आणि मी घरी न जाता थेट वरच्या मजल्यावर गेलो. मोजणीदार अजिबात डगमगले नाहीत. मागच्या फिल्मवरची रेष त्यांनी नव्या फिल्मवर उतरवून दाखवली होती, डॉक्टरांना फरक कळावा म्हणून. त्यात चूक काय? मी विचारलं, मग ती सांध्यापर्यंत का नेलीत, मागच्या वेळी तर अर्ध्यावर संपत होती.

"हद्द अर्धवट सोडत नसतात," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत एक हद्द मी मध्येच सोडलेली नाही. कुठेतरी नेऊन भिडवावीच लागते." मग त्यांनी मनातलं खरं दुःख सांगितलं. "पुसली गेली म्हणता? पक्की शाई वापरायला हवी होती."

हिला सगळं सांगितलं तेव्हा मला निदान माफीची अपेक्षा होती. ही म्हणाली, "मग न्हाणीघरात घसरलो म्हणून का सांगितलंत? खोटी नोंद." पायपुसणी जागच्या जागी राहिली.

मुलीचं विमान रविवारी संध्याकाळी. सीटीचा रिपोर्ट शुक्रवारी सकाळी आला. मी तो जिन्यात वाचला आणि या वेळी ओरडलो नाही, पुन्हा एकदा वाचला. "फ्रॅक्चर पूर्ण जुळलेले आहे." पूर्ण. जवळजवळ नाही, कशाशी ताडून बघा नाही. घरी येऊन तो कागद मी हिच्या हातात ठेवला, बाही वर केली आणि वाट बघत उभा राहिलो. हिने वाचला. नाव बघितलं, वय बघितलं, शिक्का बघितला. मग बोट एका शब्दावर येऊन थांबलं.

"डावे मनगट," ही म्हणाली.

"काय?"

"डावं मनगट पूर्ण जुळलेलं आहे असं लिहिलंय. डावं मोडलंच नव्हतं."

"अगं, पण..."

"मोडलं नव्हतं ते जुळलं, याला दाखला म्हणत नाहीत."

काउंटरवरच्या माणसाने मला बोट दाखवताना पाहिलं होतं आणि जो हात हलला तो लिहून घेतला होता. मी शुक्रवारी दुपारी तिथे पोचलो. दुरुस्तीसाठी अर्ज करा, तो म्हणाला. अर्ज केला. सही करा. केली, उजव्या हाताने, मोठ्या झोकात, किती आठवड्यांनी. त्याने ती फॉर्मवरच्या सहीशी लावून बघितली. "जुळत नाही." मी समजावलं की फॉर्मवर डाव्या हाताची आहे. मग डाव्या हाताने करा. केली. तीही जुळेना. डाव्या हाताने मी माझं नाव आयुष्यात दोनदा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा वेगळा माणूस झालो होतो. "रिपोर्ट लिहिणारे मोठे डॉक्टर उद्या दुपारपर्यंत आहेत, मग सोमवारी," तो म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. सोमवारी माझी नात समुद्रापलीकडे असणार होती.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो. वाद घातला नाही, टोमणा मारला नाही. "राहू दे," म्हटलं. "दोन वर्षांनी घेईन." ही माझ्याकडे बघत राहिली. माझ्या असं बिनविरोध बोलण्याची तिला सवय नाही.

शनिवारी सकाळी ही चप्पल घालून दारात उभी होती, फाइल काखेत. "चला."

त्या काउंटरवर पुढे जे झालं ते बघायला मी पुन्हा एकदा मनगट मोडून घ्यायला तयार आहे. हिने आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "दुरुस्ती नोंदवही कुठे आहे?" तो म्हणाला, तशी वही नसते. "मग दुरुस्त्या कशावर करता? पहिला फॉर्म दाखवा. हा हात कोणी लिहिला? रुग्णाने नाही, अक्षर तुमचं आहे. म्हणजे ही रुग्णाची दुरुस्ती नव्हे, कचेरीची चूक. कचेरीच्या चुकीला रुग्णाची सही लागत नाही, तुमची लागते. करा." काउंटरवरचा माणूस उभा राहिला. इतक्या दिवसांत मी त्याला उभा कधी पाहिलाच नव्हता. सात मिनिटांत आतून मोठे डॉक्टर स्वतः आले, पडद्यावर हाड बघितलं, "डावे" खोडून "उजवे" लिहिलं, शेजारी सही, सहीवर शिक्का. हिने शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारली. एकतीस वर्षं मी या बाईला डबा भरताना पाहिलं होतं, कामावर पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आलो तेव्हा बॅगा हॉलभर उघड्या पडल्या होत्या. हिने कागद फाइलला लावला, हात धुतले, बाळाला उचललं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "घ्या आता."

मी म्हटलं, "हात धुऊन येतो."

धुतले. पुसले. पुन्हा धुतले. बाहेर येऊन म्हटलं, "जरा चहा घेतो, हात थंड पडलेत." चहा झाला. मग म्हटलं, "डॉक्टरांना एकदा रिपोर्ट दाखवायला हवा ना? शेवटी तपासणी..." माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो. मुलगी कपड्यांच्या घड्या करायची थांबली होती.

साडेअकरा आठवडे मी जगाशी भांडलो. बायकोशी, डॉक्टरांशी, शाईशी, काउंटरशी. आणि कागद हातात आल्यावर मला कळलं की मी मेल्यासारखा घाबरलोय. जे कोणाला सांगितलं नव्हतं ते आता सांगून टाकतो. मी स्टुलावरून पडलो तेव्हा माझ्याबरोबर पडद्याची लोखंडी दांडीही पडली. मी एका बाजूला गेलो, ती दुसऱ्या बाजूला. बाळ पलंगावर झोपलं होतं. दांडी तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर उशीवर पडली. बाळाला जागही आली नाही. मी मनगट धरून ओरडलो ते दुखत होतं म्हणून नव्हे.

हे मी हॉलमध्ये, बॅगांच्या मधे उभं राहून बोललो.

"मला माहीत आहे," ही म्हणाली. "दांडी मीच उचलली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तुमचा चेहरा बघितला होता मी." ती थोडा वेळ बाळाच्या दुपट्याचं टोक नीट करत राहिली. "मलाही भीती वाटत होती हो. कागद आला की जाईल असं वाटलं."

"गेली?"

"नाही."

मुलगी उठली. तिने आईकडून बाळ घेतलं, सोफ्यावरची दुपटी बाजूला सारली आणि म्हणाली, "बाबा, बसा इथे." मी बसलो. "उजवा हात खाली, असा. डावा मानेशी." आणि तिने बाळ ठेवलं. वजन असं काही नव्हतंच, इतके दिवस मी ज्याला घाबरत होतो ते साडेपाच किलोंचं, गरम, दुधाचा वास येणारं होतं. तिने एकदा डोळे उघडले, मी कोण ते बघितलं, तक्रार करण्यासारखं काही सापडलं नाही आणि ती झोपली. मी रडलो. ते लपवायला हात मोकळे नव्हते.

अर्ध्या तासाने मुलगी म्हणाली, "द्या आता, दमला असाल." मी म्हटलं, नाही. तासाभराने मनगट ठणकायला लागलं, दोन तासांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात बधिर झाला. बाळ अगदी सुखात घोरत होतं. मी तसूभरही हललो नाही.

"दुखतंय का?" हिने विचारलं.

"मुळीच नाही."

हिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग आत गेली आणि एक उशी आणून माझ्या कोपराखाली सरकवली.